तोंड दाबलेला पंखा

“…आणि राग?” आप्पांनी विचारलं.

“राग गेला, आप्पा.”

“कुठं गेला?”

जयवंत खोत जरा अडखळला. गेला म्हणजे गेला. गेलेल्या रागाचा पत्ता कोण विचारत बसतं?

“कुठं म्हणजे… नाहीसा झाला.”

“हं.” आप्पांनी सुपारी कातरायला घेतली. “मागं माझा अडकित्ता नाहीसा झाला होता. सगळा मठ उलथापालथा केला. माझ्याच मांडीखाली निघाला.”

जयवंत हसला. आप्पा बोलले की हसायचं, एवढं तो दोन वर्षांत शिकला होता.

आप्पा हसले नाहीत.

टेकडीवरचा तो मठ म्हणजे काही मोठं संस्थान नव्हे. चार खोल्या, एक लांब ओसरी, मागं स्वयंपाकघर, आणि निम्म्या टेकडीवर पाण्याचं टाकं. आप्पा तिथले वडीलधारे. महाराज म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. कुणी पाया पडायला वाकलं की म्हणायचे, “खाली काय पडलंय का तुझं?” लोक तरी वाकायचेच. लोकांना वाकायला कुणीतरी लागतंच.

जयवंत पुण्याहून आला होता. तिकडं एका कंपनीत पंखे तपासायचा. छताला गरगरतात ते पंखे नव्हेत. तळहातावर मावणारे, बारा व्होल्टवर चालणारे, काळ्या प्लॅस्टिकचे. यंत्राच्या पोटात बसायचं आणि आतला ताप बाहेर फेकायचा, एवढंच त्यांचं काम. कुठला पंखा किती वारा ढकलतो हे जयवंत मोजायचा. त्यानं नापास केलेला पंखा मालकाच्या सख्ख्या मेव्हण्यानं आणलेला असला तरी परत जायचा. त्या कामाची एक ऐट त्याच्या अंगात होती. टेकडी चढताना बाकी सगळं त्यानं खाली ठेवलं, ती ऐट तेवढी वर घेऊन आला.

आता त्याला दीक्षा हवी होती. दीक्षा म्हणजे घर सुटलं, नाव सुटलं, मठाचं माणूस झालं. पुन्हा मागं फिरणं नाही.

“बरं,” आप्पा म्हणाले. “राग गेला हे बघितलं कुणी?”

“मीच. दोन वर्षांत एकदाही आवाज चढला नाही माझा. हौसाबाईंना विचारा.”

हौसाबाई मठाचा स्वयंपाक बघायच्या. त्या आतनंच म्हणाल्या, “न्हाई चढला. आमटी खारट झाली तरी गप खातोय. चांगली झाली तरी गप खातोय. मला सैपाक येतोय का न्हाई, तेच कळंनासं झालंय.”

“ऐकलंत?” जयवंत म्हणाला.

“ऐकलं,” आप्पा म्हणाले.

…

जयवंत हुशार माणूस. दुसऱ्यानं खोडा घालायच्या आधीच आपण तो उचलून बाजूला ठेवायचा, ही हुशार माणसाची खोड.

“तुम्ही म्हणाल, इथं टेकडीवर राग यायला आहे कोण? बरोबर आहे, आप्पा. आमच्या धंद्यातही हेच असतं. पंख्याच्या कागदावर मोठा थोरला आकडा छापलेला असतो, इतका वारा देतो म्हणून. तो आकडा मोकळ्या हवेतला. पुढं काही नाही, मागं काही नाही. तोच पंखा पेटीत बसवा. समोर तारा, पत्रे, दाटीवाटी… निम्मा वारासुद्धा पलीकडं पडत नाही. म्हणून पंखा मोजायचा तर अडचणीत मोजायचा.”

“मग?”

“मग मी अडचण बोलावलीय.”

आप्पांचा अडकित्ता थांबला.

“शालनला निरोप धाडलाय. ये, आणि मनात असेल ते सगळं बोल म्हणून. शिव्या दे, भांड, काय वाटेल ते कर. मी समोर बसतो. बघूच काय होतंय ते.”

शालन म्हणजे त्याची बायको.

“बायकोला अडचण म्हणतोस,” आप्पा म्हणाले.

“मोजणीपुरतं, आप्पा.”

आप्पांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि बराच वेळ ते इकडचं तिकडं केलं.

“ताट आणायला सांगितलंस?”

“सांगितलंय.”

मठाची एक रीत होती. ज्याला दीक्षा घ्यायची त्याचं रोजचं जेवायचं ताट घरच्या माणसानं घरनं आणायचं आणि मठाच्या ओसरीवर आपल्या हातानं पालथं घालायचं. म्हणजे या माणसाचं आमच्या घरातलं जेवण संपलं. आई घालेल, बायको घालेल, भाऊ घालेल. पण घरच्यांनीच. ताट पालथं पडलं नाही तर दीक्षा नाही, मग तो माणूस कितीही पोचलेला असो. चांगले दाढी वाढवलेले, मौन धरलेले लोक त्या ताटापाशी अडून माघारी गेले होते. एकाची म्हातारी आई ताट घेऊन आली, तिनं ते पालथं न घालता त्यात भाकरी वाढली, आणि तो गडी जेवून तिच्या मागनं टेकडी उतरून गेला.

“येऊ दे,” आप्पा म्हणाले. “तोवर ती पेटी बघ. हौसा माझं डोकं खातीय.”

ओसरीला लागून एक बारकी खोली होती. तिथं भिंतीवर पत्र्याची पेटी. मठामागं सोलरच्या पाट्या होत्या. त्यांच्या विजेवर मोटर चालायची आणि टाक्यातलं पाणी वर यायचं. ती वीज सांभाळणारं यंत्र या पेटीत. आता गंमत अशी, की ऐन दुपारी, ऊन सगळ्यात कडक असताना, पेटी तापायची आणि आपली आपण बंद पडायची. ऊन भरपूर, वीज भरपूर, आणि नळाला थेंब नाही. आतला जुना पंखा जळाला होता. जयवंतनं सांगलीहून नवा ब्लोअर मागवला. गोगलगाईसारखा वाटोळा, एका अंगाला चौकोनी तोंड. पोटातनं हवा ओढायची आणि तोंडानं फेकायची, असला पंखा.

त्यानं तो बसवला, तारा जोडल्या, आणि हात पुसतोय तोवर शालन आली.

आली ती भर उन्हात आली. पदरानं तोंड पुसत, काखेत कापडी पिशवी. आप्पांना तिनं लांबूनच नमस्कार केला. मग जयवंतकडं बघितलं. तो वाळला होता. गालाची हाडं वर आली होती. तिनं ते बघितलं.

हौसाबाईंनी तांब्या दिला. ती घटाघटा प्याली.

जयवंत ओसरीवर मांडी घालून बसला. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

“बोल,” तो म्हणाला.

“काय बोलू?”

“मनात असेल ते. मी ऐकायला बसलोय.”

“ऐकायला? मला तर दात काढून घ्यायला बसल्यासारखे दिसताय.”

पलीकडं सावलीला टेकलेल्या बाहेरगावच्या माणसांतलं कुणीतरी हसलं. जयवंतला काही वाटलं नाही. काही वाटलं नाही, हे त्यानं आतल्या आत टिपून ठेवलं.

मग शालन बोलली. आणि बोलली ती चांगली बोलली. दोन वर्षं एकटीनं घर ओढलं ते बोलली. दिवसभर मशिनवर बायकांची पोलकी शिवून मान आखडते ते बोलली. शेजारीपाजारी विचारतात, मालक कुठं असतात? “गावाला गेलेत म्हणून सांगते मी. दोन वर्षं गावाला. लोकांना काय अक्कल नाही?” खालच्या मजल्यावरची एकजण तोंडावर म्हणाली होती, बाई सरळ असली की नवरा डोंगरावर जात नाही. तेही तिनं सांगितलं. शेवटचं वाक्य त्या बाईच्याच आवाजात म्हणून दाखवलं.

जयवंत ऐकत होता. ओठांवर बारीक हसू. मठात आल्यावर कमावलेलं.

“हसू नका हो.”

“हसत नाही मी. तुझं चालू दे.”

शालननं आप्पांकडं वळून विचारलं, “इथं सगळे असेच असतात का?”

“कसे?”

“असे. बंद दुकानासारखे. पाटी आहे, आत कोण नाही.”

“काही असतात,” आप्पा म्हणाले.

…

तिनं पदराचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला. पुन्हा बोलली तेव्हा आवाज खाली आला होता. ज्याच्यासाठी तिनं खरी ती टेकडी चढली होती, ते आता आलं.

“आत्यांचं बोला.”

जयवंतची आई म्हणजे शालनच्या आत्या. सासूला ती तसंच म्हणायची.

जयवंतनं पाठ आणखी ताठ केली.

“त्यांना मी थोरल्या दादांच्याकडं धाडलं. माझ्यानं उचलवत नव्हतं त्यांना. कंबर गेली होती माझी, आणि तुम्ही दिवस उगवल्यापासून कंपनीत. मी म्हटलं, धाडू या का? तुम्ही म्हणालात, तुला वाटेल ते कर. धाडलं. तिकडं त्या गेल्या, तुम्ही जवळ नव्हता…” ती थांबली. “त्या दिवसापासनं तुम्ही मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. वर्षश्राद्ध उरकलं आणि इकडं निघून आलात. माझ्यावर राग आहे ना तुमचा? मग तो बोला की. शिव्या द्या मला. म्हणजे मग मी पण काही बोलेन. मला पण बोलायचंय.”

आप्पा खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. झोपलेत असं वाटत होतं. जबडा हलत होता, म्हणजे झोपले नव्हते.

“माझा कुणावरच राग नाही, शालन,” जयवंत म्हणाला. “आईचं आयुष्य तेवढं होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

सरकारी हापिसात खिडकीमागचा माणूस बोलतो तसं बोलला. शांत, आणि दुसऱ्याच कुणाशी बोलल्यासारखं.

“एवढंच?”

“एवढंच.”

शालननं पिशवीतनं ताट काढलं. स्टीलचं, एका काठाला पोचा आलेलं. फरशीवर ठेवलं. त्याच्या तोंडाकडं एकदा बघितलं. आणि पालथं घातलं.

“घ्या दीक्षा,” ती म्हणाली. “मला वाटायचं, घरात माणूस नाही. इथं येऊन बघितलं, तर इथं पण नाही.”

हौसाबाईंनी तिला दंडाला धरून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, सावलीत नेऊन बसवलं. ऊन कलल्याबिगर खाली उतरायचं न्हाई म्हणाल्या. शालन पिशवीची घडी घालत बसली. घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

जयवंत उठला. तोंडावर उजेड पडला होता त्याच्या.

“बघितलंत, आप्पा? तिनं काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही. शेवटी आईचंसुद्धा काढलं. पण काटा हलला नाही माझा.”

“कसला काटा?”

“म्हणजे… मीटरचा असतो तसा. आत काही झालंच नाही.”

“हं…”

“ताटही पडलं.”

“पडलं.”

“मग उद्या सकाळी…?”

आप्पांनी डोळे उघडले. “पेटी झाली का?”

दीक्षेचं विचारावं आणि गुरूनं पाण्याच्या मोटरीचं काढावं, हे दुसऱ्या कुणाला लागलं असतं. जयवंतला लागलं नाही. त्याचंही त्याला बरं वाटलं.

दोघं पेटीच्या खोलीत गेले. दार सताड उघडं होतं. ओसरीवर आलेली माणसं जेवायला बसत होती. ताटवाट्यांचा आवाज आत येत होता.

जयवंतनं एका तारेत मीटर अडकवला आणि बटण दाबलं. ब्लोअर बारीक घुमायला लागला. मोटर लागली. पाईपात पाणी गुळगुळलं, आणि मागं हौसाबाईंची बादली वाजायला लागली.

आप्पांनी ब्लोअरच्या तोंडापुढं हात धरला.

“अरे, हा गरम वारा टाकतोय.”

“टाकणारच.”

“गार करायला बसवलायस ना ह्याला?”

“हो. म्हणून तर गरम येतोय.”

तागडीला पासंग लावणाऱ्याकडं बघावं तसं आप्पांनी त्याच्याकडं बघितलं.

जयवंतला मनापासून आनंद झाला. किती दिवसांनी कुणीतरी त्याला त्याच्या कामातलं विचारत होतं. तो पुढं सरकला. “आप्पा, आतला ताप कुठंतरी जायला नको का? तो ह्या तोंडातनं बाहेर पडतोय. खालच्या भोकांतनं ताजी हवा आत, यंत्राच्या अंगावरनं फिरून, ताप उचलून, इथनं बाहेर. उलट इथं हाताला गार लागलं, की समजायचं चुकलं काहीतरी. ताप आतच राहिला.”

“म्हणजे गरम येतंय तोवर बरं आहे.”

“तोवर बरं आहे.”

“आणि असं केलं तर?”

आप्पांनी आपला रुंद तळहात ब्लोअरच्या तोंडावर गच्च दाबला.

घुमत होता तो चिरकायला लागला. आवाज चढत गेला, बारीक, टोकदार, शिट्टीसारखा.

“बघ बघ,” आप्पा म्हणाले. “कोंडला तर आणखीच जोरात पळतोय. भारी गुणी दिसतो.”

जयवंत मोठ्यानं हसला. “इथंच सगळे फसतात, आप्पा. आमच्याकडं नवी पोरं यायची ती पण फसायची. तोंड दाबलं की हा पंखा जास्त पळतो. का? तर त्याला कामच राहत नाही. हवा ढकलायची नाही, काही नाही. नुसतं जागच्या जागी गरगरायचं. आता मीटर बघा.”

“मला दिसत नाही. तू सांग.”

“खाली आलाय. वीज पण कमी खातोय. पोरं पळत यायची, साहेब, हा पंखा बघा, पळतोय जास्त आणि खातोय कमी, असला पंखा आजवर बघितला नाही. मी म्हणायचो, अरे शहाण्या, वारा बघितलास का त्याचा?”

“किती असतो?”

“शून्य.”

आप्पांनी हात तसाच ठेवला.

“काटा खाली…” ते म्हणाले.

“हो.”

“हाताला गरम लागत नाही…”

“नाही लागणार.”

“आणि बघणाऱ्याला वाटतं, काय गुणी आहे…”

जयवंत हो म्हणायला गेला. म्हणाला नाही.

…

पंखा चिरकत होता. आप्पा हात काढत नव्हते.

“आप्पा, काढा आता. आत ताप साठेल.”

…

“पेटी बंद पडेल, आप्पा.”

आप्पा भिंतीकडं बघत होते.

बराच वेळ गेला. पत्रा टिकटिक वाजायला लागला. तापलेला पत्रा असा वाजतो. मग पेटीत कुठंतरी खट् झालं आणि पाईपातलं पाणी थांबलं. मोटर बंद. पंखा तेवढा शिट्टी वाजवत पळत होता.

“ग्येलं का परत?” मागनं हौसाबाई म्हणाल्या. “पुण्याचा हुशार माणूस. आमचा जळका पंखा काय वाईट व्हता?”

“आप्पा, हात काढा.” जयवंतचा आवाज चढला. त्याचा त्यालाच तो ऐकू आला, आणि ऐकून तो दचकला.

“काढतो की. माझा हात आहे, मला काढता येतोय.”

आप्पांनी हात उचलला. कोंडलेला वारा भस्सकन बाहेर आला, जयवंतच्या तोंडावर, चुलीसमोर वाकल्यावर येतो तसा.

मग आप्पांनी तोच हात जयवंतच्या छातीवर ठेवला. ठेवला, आणि तव्याला लागावा तसा झटक्यानं मागं घेतला. बोटांवर फुंकर घातली.

…

“थट्टा करताय माझी?” जयवंत म्हणाला.

आप्पा फुंकर घालत राहिले.

“दोन वर्षं झाली मला. शेण काढलं. पाणी वाहिलं. कोण काय म्हणालं, ऐकून घेतलं. एक शब्द तोंडातनं काढला नाही, आणि तुम्ही… गप बसायला काय लागतं ते माहीत आहे तुम्हाला?”

“गप बस असं मी कधी म्हणालो?”

जयवंतनं आठवून बघितलं. आप्पा म्हणाले नव्हते. कुणीच म्हणालं नव्हतं.

त्यानं दारातनं बाहेर बघितलं. ओसरीच्या त्या टोकाला शालन बसली होती. मान खाली, मांडीवर पिशवी. तिची एक चप्पल पायातनं निसटून पुढं पडली होती. त्या चपलेकडं बघता बघता तो एकदम ओरडला.

“तू तिला धाडलंसच का गं?”

ओसरी गार पडली. जेवणारी माणसं हातात घास धरून तशीच राहिली. त्या मठात असा आवाज कुणी ऐकला नव्हता, आणि जयवंतचा तर नव्हताच.

“शेवटी माझ्या नावानं हाका मारत होती ती. दादानं सांगितलंय मला. जयू आला का, जयू आला का… रात्रभर. तू धाडलंस तिला. कंबर दुखत होती तर मला सांगायचं होतंस, नोकरी सोड म्हणायचं होतंस. भांडायचं होतंस माझ्याशी. मी म्हणालो तुला वाटेल ते कर, आणि तू केलंस? एवढं माझं ऐकलंस कधी आयुष्यात?”

शालन उठली होती. पिशवी खाली पडली, तिनं उचलली नाही. जेवणाऱ्यांच्या पंगतीतनं वाट काढत ती सरळ खोलीच्या दारात आली. पदर कमरेला खोचलेला.

“ओरडा,” ती म्हणाली. तिचाही आवाज फाटला होता. “ओरडा अजून. मग मी सांगते, त्या आधीचं सगळं वर्ष रात्री उठून त्यांचं हागणंमुतणं कोण काढत होतं ते. तुम्ही कूस बदलून झोपत होता. झोपेचं सोंग कळतं मला.”

“सोंग नव्हतं—”

“सोंगच होतं. आणि जाताना गाडीत बसवताना त्या मला काय म्हणाल्या, ते विचारलंत का एकदा तरी?”

“काय म्हणाली?”

“विचारलंत का, ते सांगा आधी.”

“नाही विचारलं. आता विचारतोय ना. काय म्हणाली आई?”

शालनचं तोंड वेडंवाकडं झालं. ती सांगायला लागली, तिला रडू फुटलं, रडता रडता ती आणखी दोन शिव्या देऊन पुन्हा सांगायला लागली. जयवंतही मधेच ओरडत होता. दोघं एकाच वेळी बोलत होते आणि दोघंही एकमेकांचं ऐकत होते.

हौसाबाई लगबगीनं आल्या. मठात बाहेरगावची माणसं जेवताहेत, पंगत अर्ध्यावर आहे, आणि ही नवराबायको चव्हाट्यावर असल्यासारखी भांडताहेत. कुणीतरी लाज राखायला पाहिजे. त्यांनी दाराची कडी धरली आणि दार ओढून घ्यायला लागल्या.

आप्पा पेटीखाली, भिंतीला पाठ लावून बसले होते.

“लावू नको गं,” ते म्हणाले. “दोन वर्षं उकडतंय मला.”